एकट्या बटणाची चौकशी

दोनशे बारावा अभिप्राय एका ओळीचा होता, आणि ती ओळ वाचून तिने कपातला गार चहा उगाचच ढवळला. ‘त्या घरात कुणाला दिसत नव्हतं का?’ खाली नाव नाही, पत्ता नाही, नुसती पाठवल्याची वेळ. सवयीने तिने तो ‘किरकोळ’मध्ये टाकला आणि पुढचा उघडला. सात वर्षं ती हेच काम करत होती. घर पालटून देणारा कार्यक्रम दर रविवारी लागायचा, सोमवारपासून लोकांची मतं यायला लागायची, आणि ती चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशेजारच्या टेबलावर बसून त्यांची चार खणांत वाटणी करायची: कौतुक, तक्रार, मागणी, किरकोळ. गुरुवारी सगळ्याचं मिळून एक पान निर्मातीबाईंच्या टेबलावर जायचं. दोनतीनशे माणसं काय काय बोललेली असायची, कुणी रडलेलं असायचं, कुणी रंगावरून शिव्या घातलेल्या असायच्या, कुणाला आपल्या स्वतःच्या अंधाऱ्या जिन्याचं दुःख आठवलेलं असायचं, आणि त्या सगळ्याचं एक पान करायचं म्हणजे माणसांना पिळून वाळत घालण्यासारखंच होतं. पण तिचा हात बसला होता. पहिल्या चार शब्दांवरून तिला खण कळायचा. माणसाच्या लिहिण्यावरून त्याला काय हवंय ते मला लगेच कळतं, असं ती कधीकधी म्हणायचीसुद्धा, आणि ते म्हणताना तिला थोडा अभिमान वाटायचा.

या आठवड्याचं काम तिला जड नव्हतं, उलट गोड होतं, कारण या रविवारी लागलं ते तिच्या आईचं घर होतं. कार्यक्रमातल्या घराचे पैसे वाहिनीच भरते, आणि निर्मातीबाई स्वतःहून म्हणाल्या होत्या, “अगं, बाहेरची घरं शोधत बसतो आपण. तुझ्या आईचंच करू या की. वडील गेल्यापासून एकट्याच असतात ना त्या?” बाबांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. ते घर आता नुसतं बाबांचं होऊन बसलं होतं, असं तिला तिथे गेलं की वाटायचं, आणि तेवढ्यासाठी तरी ते पालटावं असं तिच्या फार मनात होतं. बाबा शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवलं, मग गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बंद केलं, आणि शेवटची चार वर्षं घरात बसून त्यांनी जी खटपट आरंभली होती तिला काही अंत नव्हता. दिव्याच्या प्रत्येक खटक्याशेजारी एकेक बटण चिकटवलेलं. स्वयंपाकघराच्या दिव्याला दोन भोकांचं, बाथरूमच्या दिव्याला चार भोकांचं, पंख्याला कापड मढवलेलं. बोळातल्या भिंतीवर हाताच्या उंचीला एक जाड नाडी ताणून बसवलेली आणि तिला मध्येमध्ये गाठी. शेगडीच्या नॉबला दोऱ्याचे वेढे. बाथरूमच्या पायरीच्या कडेला गोणपाटाची पट्टी. ती महिन्यातून दोनदा जायची तेव्हा दर वेळी काहीतरी नवीन झालेलं असायचं, आणि ती बाबांची थट्टा करायची. “बाबा, आता दाराला कॉलर लावून टाका म्हणजे झालं.” बाबा ओठांत टाचण्या धरून हसायचे. आईसुद्धा हसायची. आता दोनशे तेराव्या अभिप्रायावर बोट ठेवून बसली असताना तिला आठवलं की आईच सगळ्यांत जास्त हसायची.

तिने दोनशे बारावा पुन्हा बाहेर काढला. त्यात राग नव्हता, कौतुक नव्हतं, काही मागितलेलंही नव्हतं. म्हणजे तो किरकोळच. पण तसं पाहिलं तर या वेळी ‘किरकोळ’ खण नेहमीपेक्षा बराच फुगला होता, आणि त्याला कारण ते एकटं बटण. बोळाच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, एक मोठं काळं बटण चिकटवलेलं होतं आणि त्याच्या आसपास खटका नाही, दिवा नाही, दार नाही, काही नाही. जुनं घर दाखवताना कॅमेरा त्याच्यावर जरा थांबला होता, आणि सूत्रसंचालक, ज्याला ऑफिसात सगळे हसरा म्हणायचे, तो बोट रोखून म्हणाला होता, “आणि हे एक उनाड बटण! घर सोडून कुठे निघालंय?” चौतीस जणांनी विचारलं होतं, ते एकटं बटण कशाचं? कुणी म्हणे मोजमापाची खूण असेल, कुणी म्हणे भिंतीतलं भोक झाकलं असेल. एकाने तर त्यामागे तिजोरी असेल असंही लिहिलं होतं. निर्मातीबाई सकाळीच येऊन सांगून गेल्या होत्या, “त्या बटणाचं काहीतरी गोड उत्तर लिहून टाक. लोकांना आवडतं असलं.” तिने लिहायला घेतलं होतं, ‘बाबांच्या हातून राहून गेलेलं...’ आणि तिथेच थांबली होती. काय राहून गेलेलं ते तिला माहीत नव्हतं.

कॅमेऱ्यासमोर तिला याबद्दल विचारलं तेव्हा मात्र ती अडखळली नव्हती. “बाबांना स्वस्थ बसवतच नसे,” ती म्हणाली होती. “हात शिवशिवायचे. माणसांचे कपडे संपले, मग भिंतींना बटणं लावत सुटले.” सगळे हसले. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा बाहेर गाडीचा भोंगा वाजला, म्हणून तिला ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि दुसऱ्या वेळी तिने ते अधिक रंगवून म्हटलं. ते वाक्य आता अभिप्रायांतून तिच्याकडे परत येत होतं. ‘हात शिवशिवणाऱ्या बाबांना नमस्कार.’ ‘भिंतींना बटणं लावत सुटले, हे ऐकून हसू आणि रडू एकदम आलं.’ ती ते सगळं ‘कौतुक’मध्ये टाकत आली होती. तिने न तपासता बोललेली एक गोष्ट दोन दिवसांत खरी होऊन बसली होती, आणि ती खरी आहे की नाही हे सांगणारा माणूस टाचण्यांच्या डबीसकट नाहीसा झाला होता.

तिने मग तक्रारींचा खण उघडला. का उघडला हे तिला सांगता आलं नसतं, पण एक तक्रार तिथे आहे हे तिच्या बोटांना आठवत होतं, आणि ती सापडलीही. ‘सगळं आधी ठरवलेलं असतं. आजींच्या डोळ्यांवरची पट्टी काढल्यावर त्यांनी नव्या स्वयंपाकघराकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरीकडेच बघून हसत होत्या. आम्ही काय मूर्ख आहोत?’ सोमवारी हे वाचून तिला राग आला होता. आता तिने रविवारचा भाग उघडला आणि शेवटची दहा मिनिटं लावली. प्रत्येक भागाचा शेवट तोच असायचा: घरच्या माणसाला डोळ्यांवर पट्टी बांधून आत आणायचं, मधोमध उभं करायचं, आणि पट्टी काढायची. माणसाचा चेहरा फुलतो तेवढे तीन सेकंद, त्यासाठी सगळा खटाटोप. आई आली. पट्टी बांधलेली असताना ती, आश्चर्य म्हणजे, इतर सगळ्यांसारखी चाचपडत नव्हती. शांतपणे चालत होती. पट्टी काढली. नवं स्वयंपाकघर तिच्या उजव्या हाताला होतं, आणि डाव्या हाताला, चौकटीच्या बाहेर, दोन मोठे दिवे होते. आईने डावीकडे तोंड वळवलं आणि डोळे बारीक केले. मग हसऱ्याचा आवाज आला, “कसं वाटतंय, आई?” तशी ती आवाजाकडे वळली आणि म्हणाली, “छान. खूप उजेड आहे.” टाळ्या पडल्या. नवीन खिडकीसाठी त्या टाळ्या होत्या. तिने ते मागे घेऊन पुन्हा लावलं, पुन्हा मागे घेतलं, पुन्हा लावलं. सहाव्या वेळेला आईचा चेहरा तिला अनोळखी वाटायला लागला. कुठल्या तरी परक्या गावच्या स्टेशनवर उतरलेल्या, आणि ते कुणाला कळू नये म्हणून हसणाऱ्या बाईचा असावा तसा.

आणि मग एकेक सुटं सुटं वर यायला लागलं. काम चालू असताना पंधरा दिवस आई तिच्याकडे राहायला होती. पंधराही दिवस खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत बसून. “तूच कर गं सगळं, मी आपली बसते,” म्हणायची, आणि तिला वाटायचं, जन्मभर राबली, बसू दे आता. पहाटे बाथरूमला जाताना आईचा हात भिंतीवरून घासत जायचा तो खरखर आवाज ती अर्धवट झोपेत ऐकायची. दोनदा पाण्याचा पेला सांडला होता. पेपर दिला की आई तो मांडीवर घेऊन बसायची आणि थोड्या वेळाने म्हणायची, “काही नसतं हल्ली पेपरात.” गेल्या आठवड्यात ती भेटायला गेली तेव्हा आईच्या मनगटाजवळ एक लांबट काळपट डाग होता. “नव्या शेगडीची सवय नाही अजून,” आई म्हणाली होती, आणि तिने मलम लावून दिलं होतं, आणि नव्या शेगडीची माहितीपुस्तिका आईच्या हातात ठेवून ती निघून आली होती. पुस्तिका! तिने टेबलाची कड घट्ट धरली. शेगडी म्हणजे नुसती एक सपाट काळी काच होती, तिच्यावर बोट टेकवायचं, ना नॉब ना कान. ‘शेगडी फारच देखणी, कुठली ते कळवा,’ असं एकवीस जणांनी विचारलं होतं.

पण खरा काटा वेगळाच होता, आणि तो आता वर आला. फोनवर सगळं ठरवताना ती आईला म्हणाली होती, “तुला काही बदलायचं नसेल तर आत्ताच सांग हं.” आई म्हणाली, “भिंती राहतील ना?” आणि ती हसली होती. “भिंतींशिवाय घर असतं का, आई? राहतीलच.” पुढे सजावटकाराने नकाशावर लाल रेघ मारली, बोळाची भिंत काढली की हॉल आणि स्वयंपाकघर एक होतं, म्हणाला, आणि तिने मान डोलावली होती. घर ऐसपैस होणार होतं. झालंही. एकशे अठ्ठावीस जणांनी तसं लिहिलं होतं.

ती उठली. निर्मातीबाई दारातूनच म्हणाल्या, “बटणाचं झालं का?” “नाही,” ती म्हणाली. “कळत नाहीये मला.” “अगं, कळायचं काय त्यात? जुळवून लिही काहीतरी.” ती पर्स घेऊन जिना उतरली. बस लगेच मिळाली. दुपारची रिकामी बस, खिडकीच्या काचेवर बोटांचे तेलकट ठसे. अंगात बाबांनी शिवलेला निळा शर्ट होता. त्याची बाही तिने मुठीत धरून ठेवली होती. तिने डोळे मिटून पाहिले. एक थांबा जाईपर्यंत धीर राहिला, वळणावर बस कलली तशी तिने घाबरून डोळे उघडले. बस जिथे असायला हवी तिथेच होती.

किल्ली तिच्याकडे होती. तिने दार आवाज न करता उघडलं, आणि हे आपण चोरून करतो आहोत हे तिला कळत होतं, तरी केलं. आई नव्या करड्या सोफ्याच्या अगदी टोकाला बसली होती, नवख्या ठिकाणी बसतात तशी. समोरच्या भिंतीवर ती काचेची फ्रेम होती. बाबांची सगळी बटणं सजावटकाराने काढून, धुऊन, मखमलीवर गोलात मांडून काचेमागे बसवली होती. मधोमध ते मोठं काळं. पट्टी काढायच्या खालोखाल रविवारी लोक रडले ते या फ्रेमवर. तेवढ्यात आतून शेगडी टीं टीं करायला लागली. काहीतरी उतू जात होतं. आई ताडकन उठली. “एक, दोन, तीन,” ती हळू आवाजात मोजत निघाली, आणि पाचव्या पावलाला तिने सवयीने डावा हात बाजूला टेकायला नेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच पुढे जात राहिला, आई त्याच्यामागे कलली, सावरली, अर्धी वळली, आणि मग त्या ऐसपैस मोकळ्या जागेत, ज्या जागेला एकशे अठ्ठावीस जणांनी नावाजलं होतं, तिथे ती दोन्ही हात पसरून उभी राहिली. शेगडी ओरडत होती. आवाज कुठल्या बाजूने येतो ते त्या उघड्या हॉलमध्ये घुमत असल्यामुळे कळत नसणार. आईच्या चेहऱ्यावर, कुणी बघत नाही अशा खात्रीने, भीती उघडी पडली होती. तिने आयुष्यात आईला असं पाहिलं नव्हतं. पाहू दिलं गेलं नव्हतं.

चप्पल काढून ती चार पावलं गेली आणि भिंत होती त्या जागी उभी राहिली. आईचा हात आला, तिच्या खांद्यावर पडला आणि दचकून मागे गेला. मग पुन्हा आला. बोटांनी खांद्यावरची शिवण धरली, तिच्यावरून काखेपर्यंत गेली, परत वर आली.

“ही टीप ह्यांची आहे,” आई म्हणाली. मग, “कधी आलीस?”

“आत्ताच.”

“इथे भिंत होती.”

“हो, आई.”

“शेगडी बंद कर आधी. मला ती मेली काच कळत नाही.”

तिने शेगडी बंद केली, ओटा पुसला, आईला हाताला धरून आत आणलं, आणि पुसायचं काही उरलं नाही तेव्हा म्हणाली, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगायचंच होतं. ह्यांना म्हटलं, थोडं थांबा, पूर्ण जाऊ दे, मग सांगू. निम्मं दिसतंय तोवर कशाला पोरीला घोर. मग उजेड तेवढा कळायचा, बाकी पूर्ण गेलं, तोवर घर हाताखालचं झालं होतं. काही अडतच नव्हतं गं. मग हेच गेले.” आई ओट्यावरून बोट फिरवत होती, कड शोधत. “आणि तू इतक्या हौसेने करायला घेतलंस. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. सांगितलं असतं तर तू मला उचलून तुझ्याकडे नेलं असतंस. खरं की नाही?”

खरं होतं. तिने तेच केलं असतं, आणि ते प्रेमाने केलं असतं, आणि आई त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिली असती.

“म्हटलं, शिकेन पुन्हा,” आई म्हणाली. “पण धरायलाच काही ठेवलं नाही त्यांनी. आता नेशील ना मला?”

तिने मानेनेच नाही म्हटलं. आणि आईला दिसत नाही हे आठवून तिने ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं. “नाही नेणार. उद्या सुतार बोलावते, इथे कठडा करून घेऊ. नाडी बांधू. शेगडी जुनी आणू.”

“तोवर काय, भिंत होऊन उभी राहणार आहेस?” आई म्हणाली, आणि हसली, बाबांच्या टाचण्यांच्या दिवसांत हसायची तशी. ते हसू ऐकून तिला रडू आवरेना. आईने तिला रडू दिलं.

मग तिने फ्रेम खाली काढली, सुरीच्या टोकाने मागचा पुठ्ठा उचकटला आणि सगळी बटणं आईच्या मांडीवर ओतली. आई एकेक बोटांत धरून सांगू लागली. हे स्वयंपाकघराचं. हे बाथरूमचं. हे पंख्याचं, कापड निघालंय, पुन्हा मढवायला हवं. दोन दिवसांत दोनशेच्या वर माणसांनी त्या घरावर मतं दिली होती, आणि त्या बटणांचा अर्थ सांगायला या बाईला कुणी विचारलं नव्हतं. काळं बटण निघालं तशी ती आईला म्हणाली, “याच्याबद्दल चौतीस जणांनी विचारलंय.”

“कोण चौतीस?”

“प्रेक्षक. याच्याजवळ काहीच नव्हतं, मग हे कशाचं, म्हणून.”

“काहीच कसं नव्हतं? तुझा फोटो नव्हता का तिथे? सात वर्षांची तू, ह्यांनी शिवलेला काळा कोट घालून. मला दिसेनासा झाला, तेव्हा ह्यांनी कुठूनसं शोधून त्याच कोटाचं बटण आणून लावलं त्याच्याखाली. येताजाता हात लावायचे मी.”

फोटो तिनेच नेला होता. बाबा गेले त्या आठवड्यात घरात आवराआवर करताना काच तडकलेली दिसली, बदलून आणते म्हणून काढला, आणि तो अजून तिच्या कपाटात, कपड्यांखाली होता.

“फोटो मी नेलाय, आई.”

“माहीत आहे. खिळा लागला ना हाताला.” आई हे सहज म्हणाली. “पण बटण होतं.”

आईने ते तिच्या तळहातावर ठेवलं. “बघ बरं, ओळखू येतं का. असं नाही, डोळे मीट.” तिने डोळे मिटले. रविवारपासून ते बटण तिने पडद्यावर पन्नास वेळा पाहिलं होतं, मोठं करून पाहिलं होतं. आता तिचा अंगठा त्याच्या कडेवरून फिरला आणि एका जागी अडकला. तिथे दोन बारीक खाचा होत्या. कोटाचं वरचं बटण तोंडात धरायची वाईट खोड होती तिला, बाबा रागवायचे. जीभ नकळत पुढच्या दातांकडे गेली, आणि तिने अंगठा तिथेच ठेवला.